वाळूजच्या खोलीतलं पाकीट

संभाजीनगरला पंधरवडाभर राहून आले म्हटलं की लांज्यात सगळे एकच विचारतात, "वेरूळ पाहिलंत का?" वेरूळसमोरून मी दोनदा गेले. एकदाही खाली उतरले नाही. पहिल्या वेळी मुलापाशी पोचायची घाई होती. दुसऱ्या वेळी तोच मुलगा आमच्या दोघांच्या मध्ये बसला होता आणि चालत्या गाडीचं दार उघडू नये म्हणून आम्ही त्याचे दोन्ही हात धरले होते. तेव्हा लेण्यांसाठी कुणी हे वाचायला घेतलं असेल तर त्याची निराशा होईल.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझे यजमान सुधीर पोस्टातून निवृत्त झाले आहेत. आमचा एकुलता मुलगा ओंकार तेवीस वर्षांचा. डिप्लोमा करून वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लागला होता. हे सगळं मी त्याला विचारून लिहिते आहे. "लिही," म्हणाला, "पण नावं बदल." ती बदलली आहेत.

वाळूज

फोन ओंकारच्या खोलीतल्या सोबत्याचा, अझहरचा, आला होता. "काकू, तुम्ही दोघं या. ओंकारची तब्येत बरी नाय." ताप आहे का विचारलं तर म्हणाला, "ताप नाय. तुम्ही या."

फेब्रुवारी संपत आला होता. आमच्याकडे तेव्हा सकाळी अजून दव पडतं आणि आंब्याला बारकी कैरी धरते. इथं सकाळी नऊलाच ऊन डोळ्यांत जात होतं. एक थांबा आधीच उतरलो, म्हणून दोन बॅगा घेऊन कारखान्यांच्या भिंतीकडेने पाऊण तास चालत गेलो. रात्रपाळी सुटली होती. कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक जात होत्या आणि खिडक्यांशी पोरं मान टाकून झोपली होती. प्रत्येक खिडकीत मी ओंकार शोधत होते.

अझहर दारात उभा होता. उंच, बारीक, अंगावर अजून कारखान्याचा निळा शर्ट. वाकून आमच्या पाया पडला. ओंकार खोलीत नव्हता.

"त्याला मी पिशोरला ठेवलंय, आमच्या घरी," तो म्हणाला. "इथं राहीना तो. पाच रात्री झोपला नाय. म्हणायचा, सुपरवायझरनं पंख्यात कॅमेरा बसवलाय."

पंखा छतावर नव्हता. त्याची पाती कॉटखाली पडली होती. खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवून फटींवर टेप मारलेली होती. मी बादलीतलं पाणी तोंडावर मारायला घेतलं तर अझहर ओशाळून म्हणाला, "जरा जपून काकू, नळ आता शुक्रवारी येईल." आमच्या विहिरीला बारा महिने पाणी. मी ते अर्ध्या तांब्यातच आटोपलं.

सुधीरनी सरळ विचारलं, "काय घेतलं त्यानं?"

अझहरनं लोखंडी कपाट उघडलं, शर्टांच्या मागून एक चकचकीत पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. सुधीरांच्या नाही, माझ्या.

पाकीट तळहाताएवढं, बिस्किटाच्या पुड्यासारखं छापलेलं. संकरित गांजाचा वाण होता तो. पुढच्या बाजूला रंगीत झाड आणि एक गोड नाव. मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत वंशावळ : आईकडचं झाड अफगाण डोंगरातलं, बापाकडचं थायलंडचं, त्यांच्या संकराचा पुन्हा तिसऱ्याशी संकर. आजीपर्यंतची नावं होती. खाली टर्पीनांची, म्हणजे झाडाच्या वासाच्या द्रव्यांची, यादी, प्रत्येकाशेजारी चित्र. लिमोनीनला लिंबाची फोड, कॅरिओफायलीनला मिरीदाणा, पायनीनला सूचीपर्णी झाडाची फांदी, मायर्सीनला आंबा. सर्वांत खाली परिणाम : आनंदी, निवांत, कल्पक. आणि तीन हसरे चेहरे.

ही नावं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. वर्गात कैरीचं देठ मोडून मुलांना चिकाचा वास घ्यायला लावते. म्हणते, बघा, झाड हा वास आपल्यासाठी करत नाही. कीड पळावी, ऊन सोसावं, म्हणून करतं. पाकीट उघडलं तर तोच वास आला. कैरीचा चीक, लिंबाची साल आणि मागून मिरीचा झणका. तळाशी दोन सुकी बोंडं होती, त्यांवर साखर सांडावी तसे राळेचे कण. मला तो वास आवडला. हे सांगायला लाज वाटते, पण आवडला.

"कुणी आणलं?" सुधीरनी विचारलं.

"फोनवरनं मागवलं. दोघांनी."

"कुणाच्या फोनवरून?"

अझहरनं कपाटाचं दार लावलं. "दोघांनीच ओढलं काका," एवढंच म्हणाला.

पिशोर

अझहरच्या ओळखीच्या गाडीनं निघालो. दौलताबादचा किल्ला गेला, वेरूळ गेलं, कन्नडकडून आत वळलो. डोंगर उघडे, तपकिरी. शेतांत कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या, मध्येच कांद्याचा हिरवा तुकडा. आमच्याकडे दहा पावलांवर काय आहे ते झाडोऱ्यात दिसत नाही. इथं माणूस दोन कोसांवरून चालत येताना दिसतो आणि येईपर्यंत त्याच्याकडे बघत राहावं लागतं. सुधीर सगळ्या वाटेत अझहरशी एक शब्द बोलले नाहीत.

पिशोर मोठं गाव आहे, बाजाराचं. अझहरचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. वडील नाहीत. आई हसीनाबी गोधड्या शिवतात आणि अंगणात दोन शेळ्या आहेत. दारातच त्यांनी माझे हात हातात घेतले.

"या बाई. लेकरू आत हाय. घाबरू नका. लई भेलंय ते, तुम्ही भिऊ नका."

ओंकार आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. मी नाव घेतलं. त्यानं माझ्याकडे बारकाईनं पाहिलं आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या हसीनाबींना विचारलं, "ह्यांना कुणी पाठवलं?"

"आरं, माय हाय तुझी."

"आवाज आईसारखाच आहे," तो म्हणाला. "चांगला जमवलाय."

मी लांज्याहून आंबोळ्या आणि खोबऱ्याची चटणी आणली होती. प्रवासात आंबोळ्या आंबल्या होत्या, चटणीला तार आली होती. ती टाकून दिली. आंबापोळी तेवढी चांगली होती. तुकडा मोडून त्याच्यापुढे धरला. त्यानं नाकापाशी नेऊन वास घेतला आणि खाली ठेवला. मग हसीनाबींनी खिचडी आणि चिंचेचं खट्टं आणलं. त्यांच्या हातून त्यानं सात-आठ घास खाल्ले, तोंड माझ्याकडून फिरवून. त्या दर घासाला माझ्याकडे अपराध्यासारखं बघत होत्या.

"माझ्या हातचं खातंय तेवढं," बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या. "गल्लीतले लोक म्हणले दर्ग्यावर न्या, कोण म्हणलं देवीला न्या. म्या म्हणलं, नाय. त्याची माय येऊ द्या, ती शिकलेली हाय, ती सांगंल तसं करू."

मी शिकलेली होते. काय करायचं ते मला पाहताक्षणीच कळलं होतं. कसं कळलं ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

आम्हालाही खिचडी वाढली. सुधीर ताटावर बसले, पण हात घालेनात. हसीनाबी हळूच म्हणाल्या, "साधी खिचडी हाय भाऊ, मसूर डाळीची. दुसरं काय नाय त्यात." त्यांना ते सांगावं लागलं याची मला आजही शरम वाटते. सुधीर चार घास जेवले आणि हात धुता धुता, सगळ्यांना ऐकू जाईल असं अझहरला म्हणाले, "माझा मुलगा असल्या संगतीत कधी नव्हता. सुपारी खात नव्हता तो. तूच लावलंस त्याला."

हसीनाबींनी लेकाकडे पाहिलं. आपल्या पोरावर आळ आला की कुठलीही आई आधी भांडते. त्या भांडल्या नाहीत. पदर डोक्यावर सारखा करून त्यांनी अझहरला विचारलं, "खरं हाय का रे?"

"दोघांनी केलं अम्मी," तो म्हणाला. तिसऱ्यांदा तेच.

दुपारी ओंकारला गाडीत बसवलं. हसीनाबी सोबत आल्या म्हणून तो बसला तरी.

शहर

सरकारी दवाखान्यातल्या मनोविकार विभागात जी डॉक्टर होती ती वैजापूरची, पस्तिशीची असेल. पाकीट तिनं उलटसुलट करून पाहिलं. सुधीर घाईनं म्हणाले, "हे पोलिसांना दाखवायचं का?"

"पोलिसांचं मला काय करायचंय काका? काय घेतलं, किती दिवस घेतलं, एवढंच सांगा."

मग ती बोलली ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलं. लिंबू, मिरी, आंबा ही सगळी वासाची कामं. त्यानं कुणी वेडं होत नाही. नशा राळेतल्या एका द्रव्याची, आणि पिढ्यान्‌पिढ्या संकर करून तेच वाढवत नेलं आहे. त्याला आवर घालतं असं मानतात ते दुसरं द्रव्य अशा वाणांत जवळजवळ उरलेलंच नसतं. गावात म्हातारे चिलमीत ओढायचे तो गांजा आणि हा, नाव एक आहे इतकंच.

"पण सगळ्यांना असं होत नाय," ती म्हणाली. "घरात आधी कुणाला असा आजार असला तर धोका लई वाढतो. म्हणून विचारते. तुमच्याकडं, आई-वडिलांकडं, भावंडांत, कुणाला भास, संशय, कुणी घर सोडून गेलेलं, कुणी जीव दिलेला?"

"आमच्यात कुणी नाही," सुधीर म्हणाले. "हिच्याकडेही नाही."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मीही नाही म्हणून मान हलवली.

तिनं कागदावर लिहिलं. सांगितलं, मग बहुतेक नशेचाच परिणाम दिसतो, काही आठवड्यांत उतरायला हवा, गोळ्याही लवकर कमी करता येतील. ओंकारला वॉर्डात घेतलं. इंजेक्शन देताना तो ओरडला, "अम्मी!" आणि धावल्या त्या हसीनाबी. मी तिथेच होते, दोन हातांवर.

संध्याकाळी व्हरांड्यात सुधीर म्हणाले, "उद्या मी वाळूजच्या पोलीस ठाण्यात जातो. त्या पोराचं नाव देतो. कुठून आणलं, कोण पुरवतं, सगळं काढतील त्याच्याकडून." अझहर तेव्हा खाली औषधांच्या रांगेत उभा होता. कामावर दोन दिवसांचा खाडा झाला होता त्याचा.

माझा एक सख्खा भाऊ होता. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. कॉलेजात असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. गांजा नाही, दारू नाही, काही नाही. माहेरच्या मागल्या पडवीत तो अकरा वर्षं राहिला. माझं लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांना सांगितलं, भाऊ लहानपणीच गेला. लग्नाच्या दिवशी त्याला आत्याकडे ठेवलं होतं. ओंकार दीड वर्षाचा असताना भाऊ विहिरीत सापडला. मी "आत्याची तब्येत बरी नाही" असं सांगून चार दिवस माहेरी जाऊन आले. मी अनुवंशशास्त्र शिकवते. मटाराचे हिरवे-पिवळे दाणे फळ्यावर मांडते. आणि व्हरांड्यात बसून मला पहिल्यांदा नीट कळलं, की त्या पाकिटावरच्या झाडाच्या आजीचं नाव कुणीही वाचू शकतं, आणि माझ्या मुलाला त्याचा मामा माहीत नाही.

सकाळी सुधीर चपला घालत होते तेव्हा मी म्हटलं, "ठाण्यात जाण्याआधी माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला."

ती वॉर्डात फेरी मारत होती. मी म्हटलं, "डॉक्टर, काल एक सांगायचं राहिलं." आणि लगेच म्हटलं, "राहिलं नव्हतं. मी लपवलं." मग सगळं सांगितलं. तिनं मला रागावलं नाही. पहिला कागद काढून त्यावर खोडून पुन्हा लिहिलं आणि म्हणाली, "बरं झालं आत्ताच बोललात. आता गोळ्या घाईनं बंद करायच्या नायत. वर्ष, दोन वर्षं, कदाचित पुढंही. हा आजार त्या पाकिटावाचूनही आला असता का, मला सांगता यायचं नाय. कुणालाच येत नाय."

मी मागे वळले तर सुधीर नव्हते. खाली आवारात पाण्याच्या टाकीपाशी उभे होते.

"लग्नाआधी तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"ओंकारच्या वेळी?"

"हो. रोज माहीत होतं. दहावीत तो उशिरापर्यंत झोपायला लागला तरी मी त्याच्या उशाशी जाऊन उभी राहायचे. एकटा हसला तरी का हसलास विचारायचे."

त्यांनी टाकीचा गळका नळ पिळून बंद केला. मग म्हणाले, "मला तुम्ही सगळ्यांनी फसवलंत त्याचं सोड. पण त्याला एकदा सांगितलं असतंस, तर नोकरीला पाठवताना मी त्याला म्हटलं असतं, बाबा रे, दुसऱ्या पोरांचं चालेल, तू या वाटेला जाऊ नकोस. एवढं एकच वाक्य."

 

पोलीस ठाण्यात ते गेले नाहीत. माझ्याशी बोललेही नाहीत. आठ दिवस आम्ही एका बाकावर मध्ये पिशवी ठेवून बसायचो. काय हवं-नको ते अझहरमार्फत एकमेकांना कळायचं. तो पाळी संपवून वाळूजहून मोटरसायकलवर यायचा आणि पुन्हा पाळीला जायचा. एकदा तो शहागंजच्या बाजूनं नान-खलिया घेऊन आला. लालभडक रस्सा, पिवळी मऊ नान, ती बुडवून खायची. डबा उघडण्याआधीच म्हणाला, "बकऱ्याचं हाय काका." सुधीरनी नान मोडली, रश्शात बुडवली आणि म्हणाले, "तसं सांगत जाऊ नकोस रे दर वेळी." त्या पंधरवड्यात त्यांनी पोटभर खाल्लेलं ते एकच जेवण.

त्याच दिवशी जिन्यात अझहरनं मला थांबवलं.

"काकू, एक विचारू? पाकीट एकच होतं. मी पण ओढलं, त्याच्याइतकंच. मला हसू आलं, भूक लागली, झोप आली. बास. मग त्यालाच का?"

वर्गात अशा प्रश्नाला मी शाबासकी देते. त्याला मी भावाबद्दल सांगितलं. तो पायरीवर बसला. म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळं नाय?"

"तुझ्यामुळे नाही असं नाही," मी म्हटलं. खोटं बोलायचा मला आता वीट आला होता. "तू नको म्हटलं असतंस तर कदाचित टळलं असतं. पण तुझ्या एकट्यामुळे नाही. तुझ्याआधी माझं नाव आहे."

तो रडला. पंचवीस वर्षांचा पुरुष, तोंडावर हेल्मेट धरून. माझ्याच्यानं त्याच्या पाठीवरून हात फिरवण्यापलीकडे काही झालं नाही.

नवव्या दिवशी ओंकारनं मला ओळखलं. "आई, तुझे केस विस्कटलेत," म्हणाला. मग गोळ्यांनी जड झालेल्या जिभेनं हळूहळू म्हणाला, "अझहरला काही बोलू नका. फोन माझा होता. तो नको म्हणत होता. मीच म्हटलं, यात लिंबू-आंबाच आहे, आई शिकवते ते." एवढं बोलून तो झोपला. मी व्हरांड्यात गेले आणि ते सुधीरना सांगितलं. आठ दिवसांनी आमच्यातलं ते पहिलं बोलणं.

लांजा

तेराव्या दिवशी निघालो. हसीनाबी पिशोरहून आल्या होत्या, ओंकारसाठी जुन्या साड्यांची गोधडी घेऊन. सुधीरनी त्यांना हात जोडले. त्या म्हणाल्या, "जावा भाऊ. लेकरू जपा. अझहर बी तुमचाच हाय, त्याच्यावर राग धरू नका."

याला आता चार महिने झाले. वाचणाऱ्याला वाटेल की ओंकार बरा झाला. बराच सुधारला आहे, बरा नाही. सकाळी दहापर्यंत उठत नाही, उठला की हात थरथरतात, वजन वाढलं आहे. आवाज कमी झाले आहेत, गेलेले नाहीत. मी विचारलं तर म्हणतो, "लांब बोलतात आता." मामालाही असं ऐकू यायचं, एवढं मी त्याला सांगितलं आहे, नाव सोडून. कारखान्यानं नाव कमी केलं. महिन्यातून एकदा त्याला रत्नागिरीला डॉक्टरकडे नेतो. गावात लोक विचारतात, "घरी कसा?" मी आजाराचं नाव सांगते. पहिल्यांदा जीभ अडखळली, आता अडखळत नाही. काही जण त्यानंतर आमच्याकडे यायचे कमी झाले आहेत. माझ्या आईनं माझ्याशी बोलणं टाकलं आहे. म्हणते, मेलेल्याला कशाला बाहेर काढलंस.

सुधीर माझ्याशी बोलतात. गरजेपुरतं. रागाचं मला काही वाटत नाही, तो खरा आहे.

परवा संध्याकाळी तिघं जेवायला बसलो होतो. ओंकार भात कालवत होता, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. सुधीरनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझ्या भावाचं नाव काय होतं?"

सव्वीस वर्षं मी या घरात आहे. ते नाव या भिंतींना ठाऊक नव्हतं. दवाखान्यातसुद्धा मी "माझा भाऊ" म्हणाले होते आणि डॉक्टरनं कागदावर "मामा" लिहिलं होतं.

"वसंत," मी म्हटलं.

ओंकारचा हात ताटात थांबला. "वसंतमामा," तो म्हणाला, आणि त्यानं विचारलं, "त्याच्याशी कोण बोलायचं गं? लांबून, की जवळून?"

मी सांगायला लागले.